नारळ नेहमी मास्तरलाच

जानेवारी २०२३. ब्रेबॉर्न स्टेडियम, रणजी करंडकाचा शेवटचा साखळी सामना, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. महाराष्ट्राचा पहिला डाव ३८४. मुंबईचा पहिला डाव ३८४. आघाडी ना याला, ना त्याला. शेवटच्या दिवशी मुंबई जिंकण्यासाठी धावली, षटकं संपली, सामना अनिर्णित राहिला आणि दोन्ही संघ स्पर्धेबाहेर गेले. सख्ख्या भावांनी बांधावरून कोर्टात जावं आणि शेवटी दोघांचीही जमीन वकिलाच्या घशात जावी, तसं झालं. इथे वकील होते बाद फेरीत गेलेले सौराष्ट्र आणि आंध्र.

त्या सामन्यात मुंबईचे कोच होते अमोल मुजुमदार. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी याच कोचच्या हाताखाली मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक पहिल्यांदा जिंकला होता. त्याच्या आधीच्या मोसमात हाच माणूस मुंबईला रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला होता. पण शेजाऱ्याविरुद्धचा तो बरोबरीचा डाव मुंबईचा कोच म्हणून त्यांचा शेवटचा रणजी सामना ठरला. उन्हाळ्यात मुंबईने दुसरा कोच नेमला. निवड समिती, पदाधिकारी, उपसमित्या, त्या उपसमित्यांचे निमंत्रित सदस्य, यांतल्या कुणाची झोप त्या ३८४ ने उडाल्याचं ऐकिवात नाही.

आता तुम्ही म्हणाल, टोकावड्यात बसून ह्याला ब्रेबॉर्नची काय पडलीय? पडलीय. कल्याण-नगर रस्त्यावर मुरबाड सोडलं, सरळगाव मागे पडलं की आमचं टोकावडे; पुढे माळशेज चढलात की जुन्नर, ओतूर, म्हणजे पुणेवाले. घाटाखालचे आम्ही पोटापाण्यासाठी पिढ्यान्पिढ्या मुंबईकडे तोंड करून बसलेलो. त्यामुळे मुंबई-महाराष्ट्र सामना म्हणजे आमच्याकडे घाटाखालचे विरुद्ध घाटावरचे. चहाच्या टपरीवर असल्या सामन्यात कुणीही शांत डोक्याने बोलत नाही. कोचचा बळी जातो तो याच गरम डोक्यावर पाय ठेवून, आणि तो घेणारे मात्र फार थंड डोक्याचे असतात.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना लवकर येईल. कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून झालेला पराभव हे कोच काढण्याचं कारण नसतं. ती पदाधिकाऱ्यांना मिळालेली संधी असते. आपण प्रेक्षक इतके चिडलेले असतो की कुणाचं तरी डोकं मागतो, आणि ज्यांचं जायला हवं तेच पुढे होऊन दुसऱ्याचं काढून देतात.

पुरावा हवा? मुंबईचाच घेऊ. मुंबईच्या क्रिकेटला खडूस म्हणवून घ्यायला आवडतं, म्हणजे मुंबईलाही राग यायचं कारण नाही.

चंद्रकांत पंडित. मुंबईचा यष्टिरक्षक, आचरेकर सरांचा चेला, भारताकडून पाच कसोटी खेळलेला. कोच म्हणून त्याने मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ अशा तीन रणजी जिंकून दिल्या. २०१६-१७ ला मुंबई पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि इंदूरला गुजरातकडून हरली. गुजरातचं ते पहिलंवहिलं विजेतेपद. मुंबईला कुणाकडूनही हरलेलं चालतं असं नाही, पण गुजरातकडून? दादरच्या कट्ट्यावर काय बोलणी झाली असतील ती मला कल्पनेने लिहायची गरज नाही, वाचकांपैकी निम्मे तिथे हजर असतील. लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरी, त्यात एक विजेतेपद, आणि २०१७ मध्ये पंडितांच्या जागी नवा माणूस.

पंडित उठले आणि विदर्भात गेले. ज्या विदर्भाने तोवर रणजीच्या अंतिम सामन्याचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्या विदर्भाने २०१७-१८ ला रणजी जिंकली. एकदा नशीब असतं म्हणावं, तर २०१८-१९ ला पुन्हा जिंकली. त्या दुसऱ्या मोसमात नागपूरला मुंबईचा संघ आला तेव्हा विदर्भाने त्याला डावाने हरवलं. मग पंडित मध्य प्रदेशात गेले. जून २०२२, बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, अंतिम सामना: मध्य प्रदेश विरुद्ध, अर्थातच, मुंबई. मुंबई ३७४, मध्य प्रदेश ५३६. सहा गडी राखून मध्य प्रदेश पहिल्यांदा रणजी विजेता. याच मैदानावर २३ वर्षांपूर्वी, मध्य प्रदेशचा कर्णधार असताना, पहिल्या डावाची आघाडी घेऊनही पंडित कर्नाटककडून अंतिम सामना हरले होते. म्हणून त्या दिवशी ते मैदानावर रडले. टीव्हीवाल्यांनी ते अश्रू दिवसभर दाखवले. मुंबईत कोण रडलं ते कुणी दाखवलं नाही.

आणि त्या अंतिम सामन्यात समोरच्या बाकावर कोण होतं? अमोल मुजुमदार. दोन्ही बाजूंना आचरेकरांचेच विद्यार्थी, दोन्ही बाजूंना मुंबईचंच डोकं, फक्त एक डोकं मुंबईने आधीच वाटेला लावलं होतं आणि दुसरं पुढच्या वर्षी लावणार होती.

२०१७ ते २०२३ या काळातली मुंबईच्या कोचची नावं ओळीने म्हणून बघा: पंडित, समीर दिघे, विनायक सामंत, अमित पागनीस, रमेश पोवार, मुजुमदार, ओंकार साळवी. दमलात? सहा वर्षांत सात नावं. यातले काही आपणहून गेले हे मान्य. विजय हजारे करंडक जिंकून दिल्यावर पोवारांना भारताच्या महिला संघाची मोठी जबाबदारी मिळाली, तेही मान्य. पागनीस तर एका टी-२० स्पर्धेपुरते आले आणि गेले. त्यांच्या नावाची पाटी रंगवायला दिली असेल तर ती वाळायच्या आत. आपणहून जाणारे, घालवले जाणारे आणि वर जाणारे असे सगळे धरले तरी एक प्रश्न उरतोच. ज्या खुर्चीवर कुणीच टिकत नाही, त्या खुर्चीत दोष आहे की बसणाऱ्यांत?

यावर ठरलेलं उत्तर येतं. साळवी आले आणि २०२३-२४ ला मुंबईने विदर्भाला हरवून ४२वी रणजी जिंकली, म्हणजे बदल बरोबरच होता की! साळवींचं कौतुक मीही करतो. पण या हिशेबाने बघायचं तर पंडित असताना २०१६ ला जिंकले, तेव्हा २०१७ चा बदल चुकीचा ठरतो. आणि तो चुकीचा होता असं म्हणणारा एकही पदाधिकारी मला अजून भेटायचा आहे. जिंकलं की आमची निवड, हरलं की त्याचं कोचिंग. असला हिशेब तर आमच्या बाजारातले काटा मारणारेही एवढ्या निर्लज्जपणे करत नाहीत.

मुजुमदारांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो, कारण त्यात आपली, म्हणजे प्रेक्षकांची, लायकी निघते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. भारताकडून एकही सामना न खेळलेला माणूस, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, रणजी पदार्पणात २६०. १९८८ ला हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकर-कांबळी ६६४ ची भागी करत होते तेव्हा पॅड बांधून बसलेला पोरगा तो हाच, ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की त्या पॅडनाही कंटाळा आला असेल. २०२५ चा विश्वचषक मायदेशी. पाकिस्तानला हरवलं, टाळ्या. मग ९ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेकडून हार, १२ ला ऑस्ट्रेलियाकडून, १९ ला इंग्लंडकडून चार धावांनी. अकरा दिवसांत तीन. आणि लगेच मोबाइलवर बोटं चालू झाली. हा खेळलाय कधी देशाकडून? याला कुणी नेमलं? काढा याला. आमच्या इथल्या एका ग्रुपवर, ज्यात एरवी भाताचा भाव आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यापलीकडे काही येत नाही, तिथे मुजुमदारांचा राजीनामा मागणारे सात-आठ जण होते. त्यांना विचारलं, संघातल्या अकरा जणींची नावं सांगा. स्मृती, हरमनप्रीत, जेमिमा… मग नेटवर्क गेलं.

३० ऑक्टोबरला त्याच संघाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं लक्ष्य पार केलं. २ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. ग्रुपवरच्या त्याच सात-आठ जणांनी मुजुमदारांचा फोटो स्टेटसला ठेवला. कुणाला लाज वगैरे वाटल्याचं दिसलं नाही.

क्रिकेटचं खूप झालं. आमच्या भागाचा खरा खेळ कबड्डी. भात झोडून झालं की रिकाम्या खाचरात मैदान आखलं जातं, चार बांबूंवर हॅलोजन लागतात आणि मे महिन्यापर्यंत दर शनिवार-रविवार कुठे ना कुठे ढाल असते. इथल्या पोराला चालायच्या आधी चढाई येते असं नाही, पण पायात पाय अडकवायला नक्की येतं. म्हणून पुढची गोष्ट मला मुंबईच्या रणजीपेक्षा जास्त झोंबते.

१९९० ला बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णं भारताची. महिलांची कबड्डी २०१० ला आली. तिथेही दोन्ही सुवर्णं आपली. कबड्डीत आपल्याला प्रतिस्पर्धीच नाही, असं आपण छाती फुगवून सांगायचो. २३ ऑगस्ट २०१८, जकार्ता, उपांत्य सामना: इराण २७, भारत १८. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना: इराण २७, भारत २४. दोन दिवसांत दोन्ही गाद्यांवरून उतरलो.

इराणच्या महिला संघाची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. मराठी बाई. आयुष्यभर महाराष्ट्रात मुली घडवल्या, निवृत्त झाल्या, भारताच्या संघाला शिकवायची इच्छा होती. संधी मिळाली नाही. इराणने बोलावलं. त्या गेल्या, तिथली भाषा जमवली, तिथल्या पोरींना योगासनं आणि श्वासाची शिस्त लावली, आणि दीड-दोन वर्षांत त्याच पोरींकडून भारताला हरवलं. पंडितांना मुंबईने निदान तीन करंडक घेऊन मग वाटेला लावलं. शैलजाताईंना आपण दारातच उभं केलं नाही. हाकलायला आधी आत तरी घ्यावं लागतं, एवढाही त्रास कुणी घेतला नाही.

आणि पुरुषांचा इराण? त्यांनाही मोठं कुणी केलं? प्रो कबड्डीत आपल्याच संघमालकांनी. त्याच वर्षीच्या लिलावात यू मुंबाने फझल अत्राचलीला एक कोटी मोजले, परदेशी खेळाडूला एवढी रक्कम पहिल्यांदाच. तो आपल्या चढाईपटूंविरुद्ध वर्षानुवर्षं खेळला, कोण कुठल्या पायावर वळतो ते पाठ केलं आणि मायदेशाच्या जर्सीत येऊन पकड केली. त्यात त्याची चूक काय? त्याने अभ्यास केला, आपण नोटांचे फोटो काढले.

आता कबड्डीच्या महासंघाकडे बघा, म्हणजे नारळ कुणाच्या हातात द्यायला हवा होता ते कळेल. जनार्दनसिंह गेहलोत १९८४ पासून २८ वर्षं अध्यक्ष. मग अध्यक्षपद पत्नीकडे आणि ते स्वतः तहहयात अध्यक्ष. या नेमणुका दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केल्या त्या कधी? ऑगस्ट २०१८ मध्ये. म्हणजे आपले खेळाडू जकार्ताला निघायच्या तयारीत असताना इकडे न्यायालय सांगत होतं की या खेळाचे मालक म्हणून मिरवणारे कायद्याने त्या खुर्चीत नाहीतच. निवडीवरही खेळाडूंनी दाद मागितली होती. २८ वर्षं एका माणसाने आणि पुढची वर्षं त्याच घराने खेळ चालवला. त्याच २८ वर्षांत किती प्रशिक्षक आले आणि गेले ते मोजायला कुणी वही ठेवली असेल असं वाटत नाही. हरल्यावर चॅनेलवाल्यांनी प्रश्न विचारला तो मात्र डावपेचांवर. बोनस का घेतला नाही, तिसऱ्या चढाईला घाई का केली. घरात चोर शिरलाय आणि आपण कुत्र्याच्या भुंकण्याचा सूर तपासतोय.

हॉकीत तर याहून गंमत. १९९८ ला बँकॉकला भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं. कर्णधार आपला खडकीचा धनराज पिल्ले, प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक. मायदेशी परतल्यावर धनराजसह अनेक खेळाडू संघाबाहेर आणि कौशिकही बाहेर. पैशांचा, भत्त्याचा विषय काढला होता म्हणे. २०१४ ला इंचॉनच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवून सुवर्ण मिळालं. प्रशिक्षक टेरी वॉल्श महिना-दीड महिन्यात पायउतार झाले. म्हणजे शत्रूकडून हरलात तर गेलात, आणि शत्रूला हरवलंत तरी साहेबांशी जमलं नाही तर गेलात. आता सांगा, सामन्याचा आणि नोकरीचा संबंध किती?

भारताच्या क्रिकेट संघाचे कोच असलेले अनिल कुंबळे हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. १८ जून २०१७, ओव्हल, चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना, पाकिस्तानकडून १८० धावांनी पराभव. २० जूनला कुंबळेंचा राजीनामा. पुढे कुणी इतिहास वाचला तर त्याला वाटेल, पाकिस्तानने घालवला. खोटं. त्याच स्पर्धेत त्याच पाकिस्तानला भारताने १२४ धावांनी हरवलं होतं. कुंबळेंच्या वर्षभरात भारत १७ कसोटी खेळला, १२ जिंकला आणि एकच हरला, तोही आपल्या गहुंजेच्या आखाड्यात. तरी स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच मंडळाने नव्या कोचसाठी अर्ज मागवले होते. कर्णधाराशी पटत नव्हतं, हे राजीनाम्यात त्यांनीच लिहिलं. ओव्हल फक्त स्मशान होतं; तिरडी मुंबईत बांधून झाली होती.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण आपल्याकडे एखादी गोष्ट अमेरिकेत होते म्हटलं की ती पटकन पटते. तिथे कॉलेजच्या पोरांच्या फुटबॉलला, म्हणजे हातात अंडाकृती चेंडू घेऊन धावायचा तो खेळ, लाख-लाख माणूस जमतो. ओहायो स्टेट आणि मिशिगन ही दोन विद्यापीठं एकमेकांच्या उरावर बसलेली. ओहायोचे कोच जॉन कूपर १३ वर्षं राहिले, १११ सामने जिंकले. पण मिशिगनविरुद्ध १३ पैकी जिंकले दोन, हरले दहा, एक बरोबरी. जानेवारी २००१ मध्ये काढलं. त्यांच्या आधीचे अर्ल ब्रूस यांना तर १९८७ ला मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यातच काढलं. पोरं कपाळाला त्यांच्या नावाची पट्टी बांधून खेळली आणि मिशिगनला हरवून आली. काढलेला कोच जिंकला, काढणारे खजील. आणि अलीकडचे रायन डे. मिशिगनकडून ओळीने चार वर्षं हरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये घरच्या मैदानावर १३-१० ने हरले तेव्हा अर्धं राज्य त्यांचा राजीनामा मागत होतं. विद्यापीठाने घेतला नाही. एक्कावन्न दिवसांनी, २० जानेवारी २०२५ ला, त्याच माणसाने राष्ट्रीय विजेतेपद आणून दिलं.

एक फरक मात्र आहे. तिथे कोचला मुदतीआधी काढायचं तर उरलेल्या कराराचे पैसे मोजावे लागतात. टेक्सास ए अँड एमने २०२३ ला जिम्बो फिशर यांना घालवलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं अंगावर घेतलं. काढणाऱ्याचा खिसा दुखतो, निदान विद्यापीठाचा तरी. आपल्याकडे काढायला खर्च किती? एक शाल, एक नारळ. कधीकधी तेही उसनं.

आता आपली पाळी, म्हणजे टपरीवरच्यांची. अजित वाडेकर कर्णधार होते, कोच नव्हते, पण त्यांचं उदाहरण मला टाळवत नाही. १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जिंकली, मग मायदेशी पुन्हा इंग्लंडला हरवलं. १९७४ ला इंग्लंडकडून ३-० ने हरलो, लॉर्ड्सवर ४२ धावांत सगळे बाद. ज्या गोऱ्या साहेबाला हरवल्याचा आपल्याला माज होता त्याच्याकडून हे झालं, म्हणून आपण काय केलं? वाडेकरांच्या घरावर दगड मारले. नंतर पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं आणि त्यांनी खेळणंच थांबवलं. दगड मारणारे मुंबईकरच होते, आकाशातून पडले नव्हते. त्यांचे नातू आज दगड मारत नाहीत, फोनवर लिहितात. हात दुखत नाही, एवढीच प्रगती.

कोच कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. २००७ ला ग्रेग चॅपेल गेले ते बरं झालं, असं म्हणणाऱ्यांत मीही आहे. ड्रेसिंग रूममध्ये माणसं एकमेकांकडे बघायची बंद झाली असतील तर बांगलादेशकडून हरायची वाट कशाला बघायची? आधीच काढा. पण काढण्यासाठी शत्रूकडून हरायची वाट बघणारा पदाधिकारी हा खेळाचा विचारच करत नसतो. तो गर्दी कधी तापते ते बघत असतो.

आता आमच्या शेजारचं एक मंडळ सांगतो, नाव घेत नाही. मास्तर गिरणी संपानंतर गावी परतलेले. कबड्डी लालबाग-परळच्या चाळीत शिकलेले. पैसा घेत नव्हते. संध्याकाळी सायकलवर यायचे, पोरांना अंधार पडेपर्यंत पळवायचे, दम लागला म्हणणाऱ्याला आणखी दोन फेऱ्या. जत्रेच्या वेळच्या स्पर्धेत ओढ्यापलीकडच्या गावाशी अंतिम सामना पडला. मुख्य चढाईपटू मुरबाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून थेट मैदानात. दुसरा आदल्या रात्री हळदीला गेलेला. आमच्याकडची हळद म्हणजे पहाटे डीजे बंद पडेपर्यंतचा मामला, तो पोरगा मैदानात आला तेव्हा त्याच्या कानाला अजून पिवळं होतं. आणि उजव्या कोपऱ्यात अध्यक्षांचा भाचा, ज्याने महिनाभर सरावाला तोंड दाखवलं नव्हतं. मास्तरांनी सांगितलं, याला बसवा. अध्यक्ष म्हणाले, स्पर्धेचं मानधन, मंडप, जेवण कुणी दिलंय? मंडळ दोन गुणांनी हरलं. शेवटच्या मिनिटात निसटलेली पकड उजव्या कोपऱ्यातली होती.

चार दिवसांनी मारुतीच्या देवळात सभा झाली. अध्यक्ष बोलले की गावाची अब्रू गेली, पलीकडच्यांनी फटाके आपल्या बांधावर येऊन फोडले, आता नवीन पद्धतीचा कोच पाहिजे, मॅटवरचा. टाळ्या पडल्या. मी हात वर केला आणि विचारलं, सरावाला न आलेला खेळाडू कुणी घेतला? अध्यक्ष म्हणाले, तुमचं नंतर घेऊ. ते नंतर अजून आलेलं नाही. मास्तर सभेला आलेच नव्हते. त्यांना निरोप त्याच भाच्याने घरी जाऊन दिला. सोबत नारळ होता.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या गावचे दोघे मोटारसायकलवरून मास्तरांकडे आले. ते ओढा ओलांडायला तयार नव्हते, दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांची नात म्हणाली, आजोबा, जा ना, घरात बसून आईला शिट्ट्या मारता. आता ते तिकडच्या पोरांना पळवतात आणि सायकल तीच आहे. यंदाच्या जत्रेच्या स्पर्धेची पत्रिका छापून आली आहे. आमच्या शेजारच्या मंडळाने मॅटवरचा कोच आणलाय, तो रविवारी सकाळी येतो आणि फोटो काढून जातो. बॅनरवर अध्यक्षांचा फोटो गेल्या वर्षीपेक्षा मोठा आहे, आणि उजव्या कोपऱ्यात भाचाच खेळणार, असं कळतं.